बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत आईचं नाव शोधण्याआधी

दत्तक गेलेला माणूस मोठेपणी चर्चच्या कचेरीत येतो तेव्हा त्याची समजूत साधी असते. बाप्तिस्म्याची वही उघडायची, आपली ओळ काढायची, आईचं नाव वाचायचं. पुणे, मुंबई, नगर, नाशिक इकडच्या वह्यांतल्या अशा ओळी वाचून देण्याचं, त्यासाठी लागणारे अर्ज लिहून देण्याचं काम आम्ही करतो. आईच्या रकान्यात बहुतेकदा आडवी रेघ असते, नाहीतर 'अज्ञात'. तेवढं पाहून खचून परत जाणारे पुष्कळ. पण त्या ओळीचं काम खरं तर तिथून सुरू होतं. माग लागतो तो कडेच्या रकान्यांतून: दोन तारखांमधलं अंतर, धर्ममातेचं (बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची हमी घेणाऱ्या बाईचं) नाव, धर्मगुरूची सही आणि समासातला शेरा.

रेघ का असते, ते आधी. सिस्टरांच्या अनाथालयासारख्या संस्थेत आलेल्या पुष्कळ बाळांच्या आया ख्रिस्ती नव्हत्याच, त्यामुळे चर्चला त्यांची ओळख असण्याचं कारण नव्हतं. आई कॅथलिक असली तरी चर्चचा कायदाच हात आखडता घेतो. १९१७ च्या धर्मविधानात (ते १९१८ पासून लागू झालं) नियम होता की विवाहाबाहेर जन्मलेल्या मुलाच्या नोंदीत आईचं नाव तिचं मातृत्व जाहीर असेल तरच घालायचं, किंवा तिने स्वतःहून लेखी वा दोन साक्षीदारांसमोर सांगितलं तर. वडिलांचं नाव त्यांनी स्वतः कबूल केल्याशिवाय किंवा अधिकृत कागद असल्याशिवाय नाही. १९८३ च्या नव्या विधानातही जवळपास हेच आहे. तेव्हा रेघ म्हणजे कोणी नाव खोडलं असं समजू नका. फादर नियमाप्रमाणे वागले, एवढंच.

चर्चकडे जाण्याआधी घरातले कागद काढा. भारतात दत्तकाचा कायदा १९५६ पासून आहे, पण तो हिंदूंसाठी. ख्रिस्ती दांपत्य किंवा परदेशी दांपत्य मूल नेत असे ते १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याखाली. म्हणजे इथे दत्तकाचा हुकूम नाही, पालकत्वाचा हुकूम निघायचा आणि दत्तक पूर्ण व्हायचं ते तिकडच्या देशात गेल्यावर. म्हणून स्वीडन, नेदरलँड, बेल्जियममधून येणाऱ्या माणसाच्या फायलीत तिकडचा दत्तक हुकूम सापडतो, पण आपल्या कामाचा कागद म्हणजे इकडचा पालकत्वाचा हुकूम. त्यावर न्यायालयाचं नाव, अर्जाचा क्रमांक आणि वर्ष असतं. त्या क्रमांकावरून मूळ फाइल मागता येते. १९८४ साली लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी दत्तकासाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. त्यानंतरच्या फायली जाड असतात: मुलाचा अभ्यास-अहवाल, वैद्यकीय तपासणी, छाननी संस्थेचा अहवाल, आई-वडिलांनी मूल सोपवल्याचं पत्र. त्याआधीच्या फायली पातळ, कधी चार-पाच पानांच्या.

या कागदांतून चार गोष्टी वेगळ्या काढून ठेवा: संस्थेचा दाखल-क्रमांक, दाखल झाल्याची तारीख, जन्मतारीख आणि संस्थेतर्फे सही करणाऱ्या सिस्टरचं नाव. मूल सोपवलेलं की टाकलेलं, हेही पाहा, कारण पुढचा सगळा रस्ता त्यावर ठरतो. सोपवलेल्या मुलाच्या बाबतीत आईची सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार असलेला कागद कुठेतरी असायला हवा. टाकलेल्या मुलाच्या बाबतीत पोलिसांची स्टेशन डायरी आणि बालन्यायालयाचा हुकूम असतो, आणि चर्चची वही जन्माबद्दल फारसं काही सांगू शकत नाही. दोन्ही प्रकारांत एक जोडकागद राहून जातो: गावच्या फादरांनी किंवा पाळकांनी संस्थेला लिहिलेलं शिफारसपत्र. 'पत्र घेऊन येणाऱ्या मुलीला ठेवून घ्यावे' अशा धर्तीच्या दोन ओळींवर आईच्या गावाचा पत्ता लागू शकतो. संस्थेकडे माहिती मागताना 'दाखल फाइलमधला सर्व पत्रव्यवहार' असं स्पष्ट लिहा. नाहीतर फक्त दाखल्याची नक्कल हातावर ठेवली जाते.

आता कोणतं चर्च, हा प्रश्न. संस्थेच्या आवारात चॅपेल होतं म्हणून वहीही तिथेच असेल असं गृहीत धरून लोक सिस्टरांच्या मागे लागतात. कॅथलिक पद्धतीत नोंद जाते ती ज्या धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चला नेमून दिलेल्या भागाच्या, हद्दीत बाप्तिस्मा झाला तिथल्या मुख्य वहीत. रुग्णालयात नर्सने घाईने बाप्तिस्मा दिला असला तरी तिने तो त्या हद्दीच्या फादरांना कळवायचा असतो आणि नोंद त्यांनी करायची असते. म्हणून विचारायचं ते असं: त्या साली ही इमारत कोणत्या धर्मग्रामात होती? शहरं वाढली तसे धर्मग्रामांचे तुकडे पडले. आज शेजारी दिसणारं चर्च तेव्हा उभंही नसेल. नव्या धर्मग्रामाच्या वह्या त्याच्या स्थापनेपासून सुरू होतात, त्याआधीचं सगळं मातृ-धर्मग्रामात.

पुण्यात 'पेठेतलं चर्च' एवढ्यावर भागत नाही. क्वार्टर गेटचं सिटी चर्च कॅथलिक, १७९२ पासूनचं. गुरुवार पेठेतलं पंचहौद मूळचं अँग्लिकन, आता चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं. दोन्ही एकमेकांपासून फार लांब नाहीत, पण वह्यांचा काडीचा संबंध नाही. जुन्या कागदावर नुसतं 'मिशन चर्च, पूना सिटी' असलं तर दोन्हीकडे लिहा.

धर्मप्रांतांच्या, म्हणजे एकेका बिशपांच्या अखत्यारीतल्या भागांच्या, हद्दीही हलल्या आहेत. नगर जिल्ह्यातली कॅथलिक धर्मग्रामं १९८७ पर्यंत पुणे धर्मप्रांतात होती, मग नाशिक धर्मप्रांत झाला. वसई १९९८ मध्ये मुंबई महाधर्मप्रांतापासून वेगळी झाली, सिंधुदुर्ग २००५ मध्ये पुण्यापासून. हे लक्षात ठेवण्याचं कारण म्हणजे दुसरी प्रत. १९१७ च्या विधानाप्रमाणे दर वर्षाअखेरीस धर्मग्रामाच्या वह्यांची खरी नक्कल बिशपांच्या कचेरीला पाठवणं बंधनकारक होतं. १९८३ च्या विधानात सगळ्यांसाठी ते बंधन राहिलं नाही. म्हणजे १९१८ ते १९८३ मधल्या बाप्तिस्म्याची प्रत धर्मप्रांताच्या दफ्तरात असण्याची शक्यता आहे, आणि ती तेव्हाच्या धर्मप्रांताच्या दफ्तरात, आजच्या नव्हे. धर्मग्रामातली वही वाळवीने खाल्ली, पावसात भिजली किंवा नंतर कोणी 'स्वच्छ प्रत' करून मूळ वही बाजूला टाकली, तर ही दुसरी प्रत कामाला येते. सगळ्याच फादरांनी दर वर्षी नक्कल पाठवली असं मात्र नाही. मधली वर्षं गळलेली आढळतात.

पत्र कसं लिहायचं, यावर निम्मं यश आहे. 'माझा बाप्तिस्म्याचा दाखला द्यावा' असं लिहिलं की छापील फॉर्म भरून येतो: नाव, दोन तारखा, सही, शिक्का. शेऱ्याच्या जागी 'काही नाही'. आपल्याला दाखला नको, ओळ हवी. म्हणून मागणी अशी असावी: 'नोंदवहीतील माझ्या नोंदीचा सर्व रकान्यांसह आणि समासातील शेऱ्यांसह शब्दशः उतारा, शक्य असल्यास त्या ओळीचे छायाचित्र, शेजारच्या नोंदी झाकून.' शेजारच्या नोंदी झाकण्याची गोष्ट आपणच आधी लिहिली की फादरांची अर्धी भीती जाते. सोबत सध्याच्या पासपोर्टची प्रत, जुनं नाव आणि नवं नाव एकाच कागदावर दाखवणारा हुकूम आणि सही केलेला अर्ज. पत्र नम्र असावं, पण आपला आधारही त्यात असावा: स्वतःच्या वैयक्तिक स्थितीविषयीच्या, स्वभावतः सार्वजनिक असलेल्या कागदांची अधिकृत प्रत मिळण्याचा हक्क १९८३ च्या विधानाच्या कलम ४८७ मध्ये दिलेला आहे. माहिती अधिकाराचा अर्ज चर्चला धाडू नका. तो कायदा धर्मग्रामाच्या कचेरीला लागू होत नाही, आणि नसती अढी बसते ती वेगळीच.

नावावर शोध मागू नका, तारखांवर मागा. पासपोर्टावर 'सुनीता' असलेली मुलगी वहीत 'मेरी ॲग्नेस' असू शकते. जुन्या वह्यांची सूची पुष्कळ ठिकाणी पहिल्या नावाने लावलेली असते, आडनावाने नाही. संस्थेतल्या मुलाला तर आडनावच नसतं. शिवाय ओळी बाप्तिस्म्याच्या तारखेने चढतात, जन्माच्या नव्हे. म्हणून 'जन्मतारखेपासून परदेशी जाण्याच्या तारखेपर्यंतच्या नोंदींत, अमुक संस्थेचा पत्ता असलेल्या मुलींच्या नोंदी पाहाव्यात' असं लिहावं. फादरांना त्यासाठी पानं चाळावी लागतात, तेव्हा वेळेचं भान ठेवा. उपवासकाळाचे शेवटचे आठवडे, नाताळ आणि शाळाप्रवेशाचे दिवस टाळा. प्रवेशाच्या दिवसांत त्याच कचेरीवर बाप्तिस्म्याचे दाखले मागणाऱ्या पालकांची रांग असते. 'नोंद सापडत नाही' असं उत्तर आलं तर ते अंतिम धरू नका. फादर काही वर्षांनी बदलतात. नवे आले की तारखांची चौकट नव्याने मांडून पुन्हा लिहा.

उतारा आला की वाचायला बसायचं. समजा ओळ अशी आहे: जन्म ११ ऑगस्ट, बाप्तिस्मा १२ ऑगस्ट, साल १९६६, नाव क्लारा, आई-वडिलांच्या रकान्यात रेघ, धर्ममाता एक स्त्री, तिचा पत्ता रुग्णालयाचा, शेरा 'मृत्यूच्या भयामुळे परिचारिकेकडून'. नावापासून सुरुवात करू. संत क्लाराचा सण १९६९ च्या पंचांग-सुधारणेपर्यंत १२ ऑगस्टला असे, नंतर तो ११ ला आला. म्हणजे नाव त्या दिवसाच्या संतावरून पडलं. आईचा त्यात हात नाही, 'क्लारा नावाची आजी' शोधत बसू नये. जन्म आणि बाप्तिस्मा यात एका दिवसाचं अंतर म्हणजे बाळ त्या रुग्णालयातच किंवा अगदी जवळ जन्मलेलं, जन्मतः नाजूक, आणि जन्मतारीख खरी. अशा ओळीवर पुढचा दरवाजा चर्चचा नाही, प्रसूतिगृहाच्या दाखल-वहीचा आणि महापालिकेच्या जन्मनोंदीचा. धर्ममाता म्हणजे बहुधा त्या रात्री पाळीवर असलेली नर्स. हेच नाव पुढच्या-मागच्या पानांवर पुन्हा पुन्हा येत असेल तर ती नातेवाईक नाही, हे पक्कं धरा.

अंतर काही महिन्यांचं असेल तर गोष्ट वेगळी. मूल दुसरीकडून आणलं गेलंय, आणि जन्मतारीख कदाचित डॉक्टरांनी दात, वजन बघून अंदाजाने घातलेली. १ जानेवारी, १ जून अशा तारखा दिसल्या की सावध व्हा. एकाच दिवशी सहा-सात मुलांचे बाप्तिस्मे, सगळ्यांची धर्ममाता एकच, असं दिसलं तर ती संस्थेची सामुदायिक तारीख. तिच्यावरून जन्माचा काही अर्थ काढता येत नाही. उलट संस्थेच्या मुलांमध्ये एखाद्याच ओळीत वेगळी धर्ममाता, वेगळ्या गावाचा पत्ता असेल तर ती ओळ सोडू नका. बाहेरून कोणी मुद्दाम आलं होतं.

लॅटिन किंवा पोर्तुगीज नोंदींत महिन्यांची गफलत हमखास होते. ७ च्या आकड्याला 'ब्रिस' जोडलेलं असेल तर तो सप्टेंबर, जुलै नव्हे. ८ म्हणजे ऑक्टोबर, ९ म्हणजे नोव्हेंबर, आणि रोमन दहाला जोडलेलं असेल तर डिसेंबर. रोमन पंचांगातल्या जुन्या मोजणीची ही खूण आहे. दोन महिन्यांनी चुकलेल्या जन्मतारखेवर लोक वर्षभर रुग्णालयांना पत्रं घालत बसतात.

समासाकडे वळू. बाप्तिस्म्याची वही ही कॅथलिक माणसाची आयुष्यभराची खतावणी आहे. दृढीकरण, लग्न, धर्मगुरूपद, व्रतग्रहण, दत्तक यांच्या नोंदी त्याच ओळीच्या कडेला चढवायच्या असतात, मग तो संस्कार जगात कुठेही झालेला असो. स्वतःच्या ओळीच्या समासात पालकत्वाच्या हुकुमाचा क्रमांक मिळू शकतो, किंवा ज्या देशात गेलात तिथल्या चर्चने पाठवलेली लग्नाची सूचना. पण समासाचा खरा उपयोग आई कॅथलिक असली आणि तिचं माहेरचं नाव दुसऱ्या कागदातून हाती आलं तर होतो. मूल सोपवताना तिचं वय १९ लिहिलं असेल, तर मागे-पुढे तीन वर्षं धरून तिच्या गावच्या धर्मग्रामात तिचा बाप्तिस्मा असणार. त्या ओळीच्या समासात तिच्या पुढच्या लग्नाची तारीख, जागा आणि नवऱ्याचं नाव. लग्नानंतर आडनाव बदललेली, दुसऱ्या गावी गेलेली बाई सरकारी कागदांत हरवते. इथे ती सापडते. पुढे सासरच्या धर्मग्रामातली कुटुंबनोंद, म्हणजे घरागणिक माणसं लिहिलेली वही, तिचं आजचं घरही दाखवू शकते.

ही वाट जितकी थेट, तितकीच नाजूक. आईची ओळ ही तुमची ओळ नव्हे. तुमच्या वैयक्तिक स्थितीचा हक्क तिच्या समासापर्यंत पोचत नाही, आणि फादर नाही म्हणाले तर ते नियमाने बरोबर आहेत. शिवाय शंभर-दोनशे घरांच्या गावात परदेशी तिकिटाचं पाकीट आलं की संध्याकाळच्या मिस्सेपर्यंत गावभर होतं. तिच्या नवऱ्याला, मुलांना काही माहीत नसेल. म्हणून आईच्या नोंदीसाठी धर्मग्रामाला थेट पत्र घालू नये असं आमचं ठाम मत आहे. तो भाग जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या समाजसेविकेमार्फत किंवा धर्मप्रांताच्या चॅन्सलरमार्फत (बिशपांच्या कचेरीतलं दफ्तर सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यामार्फत), बंद पाकिटात व्हावा.

याला सरकारी चौकटही आहे. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, म्हणजे 'कारा', हिच्या २०१७ च्या आणि नंतर आलेल्या २०२२ च्या नियमावलीत मूळशोधाची, म्हणजे दत्तक व्यक्तीने आपल्या जन्माचं मूळ शोधण्याची, तरतूद आहे. दत्तक व्यक्तीने संपर्क केला की संबंधित संस्थांनी मदत करायची. १८ वर्षांखालील मुलाने दत्तक पालकांसह अर्ज करायचा. आईने सोपवतानाच गुप्तता मागितली असेल तर तिची संमती घ्यायची, आणि ती नकार देईल किंवा सापडणार नाही तर मूल कोणत्या कारणाने, कोणत्या परिस्थितीत सोपवलं, एवढं तरी दत्तक व्यक्तीला सांगायचं. तिऱ्हाइताला मूळशोध करता येत नाही. म्हणूनच आम्ही अर्ज लिहून देतो, उतारे वाचून देतो, पण सही आणि पत्रव्यवहार ज्याचा त्याचा. 'सगळं काढून देतो' म्हणून पैसे मागणारे एजंट या क्षेत्रात फिरतात. ते बाईच्या दारात थेट जाऊन उभे राहतात आणि मग ते दार कायमचं बंद होतं.

धर्मगुरूंच्या नोंदी ही या कामातली सगळ्यात दुर्लक्षित शाखा. ओळीच्या शेवटी सही असते, बहुधा अगम्य. ती लागली की एक माणूस हाती येतो, आणि माणसामागे कागद असतात. जेझुइटांची (हा कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) दर वर्षीची नामावली छापली जाते; तीत प्रत्येक घरात कोण आणि कोणत्या कामावर, हे असतं. सहीतली दोन-तीन अक्षरं आणि वर्ष यांवरून नाव जुळवता येतं. पुणे आणि नगरकडे स्विस, जर्मन जेझुइट मोठ्या संख्येने होते. त्यांची पत्रं त्यांच्या संघाच्या दफ्तरांत गेली. अँग्लिकन पाळकांसाठी १८५८ पासून निघणारी क्रॉकफर्डची सूची. प्रत्येक मठात आणि धर्मग्रामात 'घराचा इतिहास' नावाची रोजनिशीवजा वही ठेवण्याची पद्धत होती. त्यात 'आज दोन बाळं आली, एक सोलापूरकडचं' अशी ओळ असू शकते. वही बाहेर देत नाहीत, पण एका ठरावीक तारखेच्या आगेमागे आठवडाभराचं पाहा अशी विनंती केली तर पुष्कळदा पाहून सांगतात. सगळी वही मागितली तर नकार ठरलेला.

सिस्टरांच्या नावांत एक गोम आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेआधी (ती १९६५ ला संपली) व्रत घेताना सिस्टर नवं नाव घेत, आणि परिषदेनंतरच्या वर्षांत अनेकजणी बाप्तिस्म्याच्या मूळ नावावर परतल्या. १९६४ च्या कागदावरची सिस्टर आणि १९७२ च्या कागदावरची सिस्टर या दोन वाटतात, असतात एकच. प्रांतिक मठाला 'या घरात अमुक ते अमुक साली कोण कोण होत्या' असं विचारावं, नावाने विचारू नये. संस्था बंद झाली असेल तर तिचे दाखल-रजिस्टर कुठे गेलं हेही त्यांनाच ठाऊक. मिशनरीज ऑफ चॅरिटीने २०१५ मध्ये दत्तक देण्याचं काम सोडलं. काम थांबलं तरी जुन्या मुलांच्या नोंदींची चौकशी त्यांच्याकडेच आणि 'कारा'कडे करायची.

वडील स्वतःच धर्मगुरू असल्याचा संशय घेऊनही काहीजण येतात. त्यांना वह्यांत काही सापडणार नाही. अशा मुलांसंबंधी व्हॅटिकनची अंतर्गत मार्गदर्शक तत्त्वं असल्याचं २०१९ मध्ये अधिकृतपणे मान्य झालं, पण धर्मगुरूची वैयक्तिक फाइल बाहेरच्याला दाखवत नाहीत. तिथे आधी जनुकीय चाचणी, मग बिशपांना पत्र. हा क्रम उलटा करू नये.

प्रोटेस्टंटांकडे सगळा पंथ बघून चालावं लागतं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, पण वह्या एकत्र झाल्या नाहीत. त्या आपापल्या मंडळीतच राहिल्या. नगरकडच्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या, पुण्या-मुंबईच्या स्कॉटिश मंडळ्या, अँग्लिकन मंडळ्या, सगळ्यांची नोंदीची तऱ्हा वेगळी. जुने पाळकसाहेब निवृत्त होताना वही घरी घेऊन गेले आणि ती आता मुलाच्या माळ्यावर आहे, असंही घडतं. त्यामुळे पाळकांइतकंच पंचकमिटीतल्या जुन्या माणसाला विचारा. ब्रिटिश काळातल्या मुंबई इलाख्याच्या अँग्लिकन बाप्तिस्म्यांच्या नकला लंडनला जात; त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दफ्तरात आहेत, पण १९४८ पर्यंतच्याच. अमेरिकन बोर्डाची कागदपत्रं हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. सॅल्व्हेशन आर्मीत तर बाप्तिस्माच नसतो. तिथे 'बाप्तिस्म्याची नोंद' मागितली की प्रामाणिक उत्तर येतं, 'नाही'. मागायची असते बालसमर्पणाची नोंद. ब्रदरन आणि बॅप्टिस्ट मंडळ्यांतही तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा नाही.

गोव्यात जन्म झालेल्यांना एक वेगळा आधार आहे. पोर्तुगीज अमलाखाली १९१४ पासून मुलकी जन्मनोंदणी सुरू झाली आणि त्या वहीतही समासात लग्नाची, मुलाला मान्यता दिल्याची नोंद चढते. तालुक्याच्या नोंदणी कचेरीत आधी पाहावं, मग इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये.

नाव हाती आलं तरी ते आईचंच आहे हे ठरवणं बाकी असतं. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांत गायकवाड, साळवे, शिंदे ही आडनावं इतकी आहेत की एकाच धर्मग्रामात, एकाच वर्षात, त्याच नावाच्या दोन मुली निघू शकतात. वसईत तेच लोपीस-डिमेलोंचं. वय, गाव आणि धर्ममाता-धर्मपिता हे तिन्ही जुळल्याशिवाय पुढचं पाऊल नको. शेवटचा निकाल जनुकीय चाचणीचा, तोही समोरच्याची संमती असेल तर. तिथेही आकडा वाचता यायला हवा: सुमारे २५ टक्के साम्य म्हणजे सावत्र (आई किंवा वडील एकच असलेलं) भावंड असेल, मावशी-मामा असेल किंवा आजी-आजोबा, सुमारे १२.५ टक्के म्हणजे मावस-चुलत भावंड. कोणतं नातं ते वयावरून आणि वहीतल्या तारखांवरून ठरवायचं.

शोध अडला किंवा आईने नकार दिला, तरी एक काम करून ठेवा. आपलं पूर्वीचं नाव, जन्मतारीख, दाखल-क्रमांक आणि 'माझ्या जन्मकुटुंबातील कोणी विचारणा केल्यास माझा पत्ता त्यांना द्यावा' असं मराठीत आणि इंग्रजीत लिहिलेलं, तारीख घातलेलं संमतिपत्र तीन ठिकाणी द्या: संस्थेच्या फायलीत, जिल्हा बाल संरक्षण कक्षात आणि बाप्तिस्मा झाला त्या धर्मग्रामात. पोच घ्या. पत्ता बदलला की तिन्हीकडे नवं पत्र, जुन्याची तारीख त्यात लिहून. नाहीतर जुनं आणि नवं दोन वेगळ्या फायलींत पडतं आणि विचारायला आलेल्या माणसाला जुनाच पत्ता मिळतो.